भूत राहायला कसं येतं

रायपूरच्या गुढ़ियारीतलं आमचं घर रेल्वेलाइनपासून हाकेच्या अंतरावर आहे. रात्री हावडा-मुंबई मार्गावरून लोखंड भरलेली मालगाडी गेली की मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणतात. आम्हा घरच्यांना ते ऐकूही येत नाही, नवा पाहुणा मात्र उठून बसतो. गेल्या पावसाळ्यात यवतमाळहून भाची रायपूरला शिकायला आली, तेव्हा पहिल्या रात्री तीही अशीच उठून बसली होती. तीन आठवड्यांनी होस्टेलातून रविवारची जेवायला आली ती मलाच घाबरवायला.

"मावशी, आमच्या कॉलेजच्या जुन्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक बाई फिरते. पांढरी साडी, मोकळे केस. सीनियर मुलींनी बघितलीय."

"कोणत्या सीनियरनं? नाव सांग."

"तिनं स्वतः नाही गं. तिच्या सीनियरच्या रूममेटनं."

मला हसू आलं. नागपुरात मी शिकत होते तेव्हा आमच्याही जुन्या इमारतीत एक बाई होती. साडी तीच, मजलाही वरचाच, आणि बघणारी तेव्हाही कोणाची तरी रूममेटच. नागपूर ते रायपूर तीनशे किलोमीटर, मध्ये कित्येक वर्षं, आणि बाईचं वय काही वाढलेलं नाही. भूत असतं की नसतं हा वाद बाजूला ठेवू. जुन्या विद्यापीठाच्या, कॉलेजच्या इमारतीत भुताची गोष्ट तयार कशी होते, टिकते कशी आणि तिचं पुढे काय होतं, एवढंच पायरी-पायरीनं पाहू.

पहिली पायरी: काम बदललेली जागा

नव्या कोऱ्या काचेच्या इमारतीत भूत सहसा जात नाही. त्याला लागते एका कामासाठी बांधलेली आणि दुसऱ्याच कामासाठी वापरली जाणारी वास्तू. पुण्यातल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत हे त्याचं उत्तम उदाहरण. गणेशखिंडीतली ही इमारत विद्येसाठी बांधलीच नव्हती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात, १८६४ साली, गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी तिचं काम सुरू झालं आणि १८७१ मध्ये ते पुरं झालं. वास्तुरचनाकार होते जेम्स ट्रबशॉ. उंच मनोरा, मेजवानीचं दालन, नाचाचं दालन, नोकरांच्या वेगळ्या वाटा हे सगळं साहेबाच्या सोयीनं. विद्यापीठ इथं आलं १९४९ साली, बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू असताना.

आता असा विचार करा. अठरा वर्षांचं पोर परीक्षेच्या फॉर्मवर शिक्का मारून घ्यायला अशा इमारतीत शिरतं. एवढा उंच छताचा व्हरांडा कशाला, हा अरुंद जिना कोणासाठी, ही खोली आतून बंद का होते, ह्यातलं काहीच त्याला समजत नाही. प्रत्येक घराचा एक व्यवहार असतो आणि तो कळला की घर ओळखीचं होतं. इथं तो व्यवहार करणारी माणसं केव्हाच निघून गेली, त्यांच्या सोयी तेवढ्या मागे राहिल्या. जिना आहे, पण त्यावरून चढणारं कोणी नाही. मग चढणारं कोणीतरी मनातल्या मनात उभं राहतं.

दुसरी पायरी: बंद दार

त्या इमारतीखाली एक छोटं भुयार आहे. साहेबाच्या मेजवानीचं जेवण स्वयंपाकघरातून जेवणघरात नेताना नोकर पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत, म्हणून केलेली ती वाट. उपयोग इतका साधा: रस्सा सांडू नये आणि नोकर दिसू नये. पण भुयार म्हटलं की आपल्याकडे ते स्वयंपाकघरापाशी कधी संपत नाही. महाराष्ट्रातला कुठलाही किल्ला घ्या, त्याचं भुयार वीस मैलांवरच्या देवळात निघतं, आणि आत गेलेली वऱ्हाडाची वऱ्हाडं परत येत नाहीत. दार बंद असलं की आतली लांबी वाढते.

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचंही तेच झालं. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून आणि त्यांच्या आईच्या नावानं उभा राहिलेला हा २८० फुटी मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. त्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून काढला, ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. सुरुवातीला वर जाऊन शहर बघायला लोकांना मोकळीक होती. २५ एप्रिल १८९१ रोजी बच्चूबाई गोदरेज आणि नात्यातली पिरोजबाई अशा दोन पारशी तरुणी या मनोऱ्यावरून पडून मरण पावल्या. वर त्यांच्यावर हल्ला झाला आणि अब्रू वाचवण्यासाठी त्यांनी उडी घेतली की त्यांना ढकलण्यात आलं, यावर मुंबईत रान उठलं. खटला उभा राहिला, पण खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. आत्महत्यांचे प्रकार होऊ लागल्यावर पुढे मनोऱ्याचं दार सर्वसामान्यांसाठी बंद झालं.

भुताच्या गोष्टीला लागणारा सगळा शिधा इथं हजर आहे: उंची, तरुण मृत्यू, न मिळालेलं उत्तर आणि कुलूप. याच्या उलट उदाहरण गणेशखिंडीतच सापडतं. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून पुण्याचा प्लेग अधिकारी रँड साहेब याच गव्हर्नर हाऊसमधून निघाला आणि गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याला गोळी घातली. केवढी मोठी घटना! पण तिथं कोण होतं, गोळी कोणी झाडली, खूण काय ठरली होती, पुढे फाशी कोणाकोणाला झाली, हे सगळं नोंदलं गेलं आहे. सांगण्यासारखं सगळं इतिहासानंच सांगून टाकल्यावर भुताला बोलायला जागा उरत नाही.

हा नियम अगदी पक्का नाही. ३० ऑगस्ट १७७३ चा नारायणराव पेशव्यांचा खून पुराव्यानिशी ज्ञात आहे, तरी शनिवारवाड्यातली ती "काका, मला वाचवा" अशी हाक अजून ऐकू येते म्हणतात. पण वाड्याकडे नीट बघा. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, उरले ते तट, दरवाजे आणि जोती. संध्याकाळ झाली की दार लागतं. घटना माहीत असली तरी ती जिथं घडली ती खोलीच उरलेली नाही. तिथं बंद दारामागे रिकामं आभाळ आहे.

तिसरी पायरी: आवाज

जागा तयार झाली, आता हालचाल हवी. ती पुरवतात ऊन, वारा आणि पाखरं.

रायपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे झुकतो. दिवसभर तापलेले पत्रे, लोखंडी तुळया आणि सागवानी वासे रात्री गार होताना आक्रसतात. सगळ्यांचा आक्रसण्याचा वेग सारखा नसतो, त्यामुळे खिळ्यापाशी, सांध्यापाशी ओढाताण होते आणि मग 'टक्' असा आवाज येतो. थोड्या वेळानं पुढच्या वाशाची पाळी येते. खालून ऐकणाऱ्याला वाटतं, कोणीतरी वर पावलं टाकत चाललंय. रोज साधारण त्याच वेळी हे होतं, कारण रोज साधारण त्याच वेळी हवा उतरते. "बरोबर बारा वाजता चालते" या वाक्यातला वक्तशीरपणा भुताचा नसतो, तापमानाचा असतो.

पांढऱ्या साडीचा मान मात्र गव्हाणी घुबडाला द्यावा लागेल. जुने मनोरे, पोटमाळे, वापरात नसलेल्या खोल्या या त्याच्या आवडीच्या जागा. तोंड बदामी आकाराचं आणि पांढरं, पोटही पांढरं. पिसांच्या कडा झालरीसारख्या मऊ असल्यामुळे उडताना पंखांचा आवाज होत नाही. आणि ते घुमत नाही, चिरकतं. अंधाऱ्या व्हरांड्यात डोक्यावरून काहीतरी पांढरं निःशब्द सरकलं आणि पाठोपाठ बाईनं किंकाळी फोडल्यासारखा आवाज आला, तर पाखरू आठवण्याइतकं भान कोणाला राहणार? छतावर उदमांजर असेल तर जड पावलांचीही सोय होते.

यापेक्षा नाजूक प्रकार म्हणजे ऐकू न येणारा आवाज. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचे अभियंता विक टँडी यांची हकीकत यात प्रसिद्ध आहे. रात्री प्रयोगशाळेत एकटे काम करताना त्यांना थंडगार घाम फुटला, कोणीतरी आहे असं वाटलं आणि डोळ्याच्या कोपऱ्यात एक करडी आकृती दिसली. मान वळवताच ती नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी त्यांनी आपलं पातं दुरुस्तीला शिकंज्यात आवळलं, तर ते आपोआप थरथरू लागलं. भुतानं थरथरवलं असं म्हणून ते पळाले नाहीत. पातं खोलीत सरकवत नेऊन कंप कुठं वाढतो, कुठं थांबतो ते त्यांनी बघितलं. कारण निघालं नव्यानं बसवलेला हवा बाहेर फेकणारा पंखा. त्याची लहर सेकंदाला सुमारे १९ कंपनांची होती. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण वीस धरतात, म्हणजे आवाज ऐकू येत नव्हता, पण अंगाला लागत होता. पंख्याची बसवणूक बदलली आणि भूत गेलं. १९९८ साली त्यांनी ही हकीकत शोधनिबंध म्हणून छापली.

चौथी पायरी: बघणारे डोळे

टँडींच्या पंख्यावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. पुढे लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ ख्रिस फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रिकामी खोलीच मुद्दाम 'झपाटलेली' तयार केली. लपवलेल्या यंत्रांनी कधी ऐकू न येणारा आवाज सोडायचा, कधी चुंबकीय क्षेत्र बदलायचं, कधी काहीच करायचं नाही. आत जाणाऱ्यांना 'काहीतरी विचित्र जाणवू शकेल' एवढं आधी सांगितलेलं. पुष्कळांना विचित्र जाणवलं, पण यंत्रं चालू असोत की बंद, त्यानं फरक पडला नाही. जाणवेल असं सांगितलं होतं, म्हणून जाणवलं.

होस्टेलात हे सांगण्याचं काम सीनियर करतात. शिवाय तिथं आणखी एक गोष्ट नेमानं घडते: झोपेचे हाल. परीक्षेच्या दिवसांत पहाटेपर्यंत जागरण, मग भलत्या वेळी झोप. स्वप्नं पडण्याच्या झोपेत मेंदू शरीराचे स्नायू ढिले करून ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातल्यासारखे खरोखरच धावत सुटलो असतो. कधीकधी मन आधी जागं होतं आणि शरीराची ही बंदी उठायला थोडा वेळ लागतो. डोळे उघडे, खोली दिसतेय, हात हलत नाही, छातीवर ओझं, आणि कोपऱ्यात कोणीतरी उभं असल्याची पक्की जाणीव. उताणं झोपणाऱ्याला आणि झोपेचं वेळापत्रक बिघडलेल्याला हे जास्त होतं. "काल रात्री ती माझ्या छातीवर बसली होती" असं सांगणारी मुलगी खोटं बोलत नसते. तिनं जे भोगलं ते भोगलंच. 'ती' कोण, एवढंच तिला आधी सांगून ठेवलेलं असतं.

पाचवी पायरी: सांगणारे

आता गोष्ट वाटेला लागते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात स्मरणशक्तीवरचे प्रयोग मांडले. त्यांनी वापरलेली एक कथा अमेरिकेतल्या आदिवासींची होती आणि योगायोगानं तीही भुतांचीच. वाचणाऱ्यांनी ती आठवून पुन्हा लिहायची किंवा एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला द्यायची. गोष्ट आखूड होत गेली. जे तपशील समजले नाहीत ते गळाले किंवा ओळखीच्या रूपात आले, छोट्या होडक्यांची साधी बोट झाली. ज्या घटनांना कारण नव्हतं त्यांना कारण चिकटलं. आठवण म्हणजे पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे, दर वेळी नव्यानं रचलेली वस्तू, असा त्याचा अर्थ.

कॉलेज हा या प्रयोगाचा कायमचा कारखाना आहे. गावातली गोष्ट तपासायला तिथली म्हातारी माणसं असतात. "असं काही झालं नव्हतं, ती बाई तापानं गेली," असं म्हणणारी एखादी आजी निघते. कॉलेजात तीन-चार वर्षांनी सगळी वस्तीच बदलते. आजी नाही, म्हणून दुरुस्ती नाही. चार वर्षांपूर्वीची गोष्ट तिथं पुराणकाळातली होते.

म्हणूनच या भुतांची जात बघण्यासारखी आहे. आपल्या लोकपरंपरेत भुतांची वंशावळ काटेकोर आहे. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला तो मुंजा, पिंपळावर राहणारा. बाळंतपणात गेलेली ती अळवत. हडळ, समंध, खवीस, झोटिंग, प्रत्येकाच्या मरणाची तऱ्हा वेगळी, जागा वेगळी, उतारा वेगळा. मुंज्याला मुंजा करणारी एक समाजव्यवस्था होती. होस्टेलात सगळ्या जातींची, सगळ्या प्रांतांची मुलं एकत्र येतात, तिथं ही वंशावळ सगळ्यांना ठाऊक नसते. मग सर्वांना समजेल असं भूत उरतं: पांढरी साडी, मोकळे केस, बिननावाची. बार्टलेटच्या होडक्याची बोट झाली, तशी आमच्या हडळीची 'एक बाई' झाली.

सहावी पायरी: गोष्टीचा उपयोग

निव्वळ गंमत म्हणून गोष्ट इतकी टिकत नाही, तिचा कोणाला तरी उपयोग असतो. सीनियरना तिच्यामुळे ज्युनियरवर वजन मिळतं. नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात एकत्र घाबरायला मिळतं, आणि एकत्र घाबरलेली माणसं लवकर मैत्रिणी होतात. सगळ्यात मोठा उपयोग चौकीदाराला. जिन्याचा कठडा सुटलाय, वरचा मजला ओला आहे, दुरुस्तीचा कागद टेबलावर पडलाय. "वर जाऊ नका, कठडा मोडका आहे" असं सांगितलं तर पोरं मुद्दाम जाऊन कठडा हलवून बघतात. म्हणून "ओती झन जाबे, बेटी" (तिकडे जाऊ नकोस) एवढंच छत्तीसगढीत म्हणायचं आणि पुढे गप्प राहायचं. भाचीच्या कॉलेजात काम होतं ते असंच.

गोष्ट इमारतीबाहेर पडली तर

इथवर सगळं मजेचं आहे. पण छत्तीसगडात राहून ही गोष्ट इथं संपवता येत नाही.

ज्या आषाढी अमावस्येला आपण दिवे पुजतो, त्याच दिवशी इथं हरेली असते. शेतकरी नांगर-कुदळ धुऊन पुजतात, पोरं गेडीवर चढून चिखलातून चालतात, दारावर कडुनिंबाचा डहाळा खोवला जातो आणि लोहार चौकटीत खिळा ठोकून जातो. निंब आणि खिळा कशासाठी, तर वाईट नजर आणि टोनही दाराबाहेर राहावी म्हणून. टोनही म्हणजे चेटूक करणारी बाई, आपल्याकडची डाकीण. सण म्हणून हरेली गोड आहे. पण गावात कोणाचं ढोर मेलं, कोणाचं मूल तापानं फणफणलं आणि बोट एखाद्या बाईकडे वळलं, की तीच समजूत माणूस खाते. बोट सहसा वळतं ते एकट्या बाईकडे, विधवेकडे, नावावर थोडी जमीन असलेल्या म्हातारीकडे. याला आळा घालायला छत्तीसगडनं २००५ साली टोनही प्रताडना निवारण कायदा केला. कोणाला टोनही ठरवलं तर तीन वर्षांपर्यंत आणि त्यावरून छळ केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ उजाडलं, आणि त्याआधी त्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जीव गेला.

दोन्ही गोष्टींची बनावट एकच. नीट न कळलेली घटना, आधी सांगून ठेवलेलं कारण, तपासायला कोणी नाही आणि गोष्टीचा कोणाला तरी उपयोग. फरक एवढाच की कॉलेजच्या भुताला नाव नसतं. टोनहीला नाव असतं, घर असतं, जमिनीचा खसरा नंबर असतो. भूत इमारतीत राहतं तोवर ती गोष्ट आहे. जिवंत माणसाच्या अंगावर चढवलं की तो गुन्हा होतो.

बिननावाच्या भुताचाही एक तोटा आहे. राजाबाई टॉवरवर 'कोणीतरी बाई' म्हटलं की बच्चूबाई आणि पिरोजबाई पुसल्या जातात, आणि त्या दुपारी वर काय घडलं हा प्रश्नही. भुयारात 'काहीतरी आहे' म्हटलं की डोक्यावर ताटं घेऊन वाकून चाललेले नोकर दिसेनासे होतात. भुताची गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा कोणाची तरी राहून गेलेली नोंद. म्हणून एखाद्या इमारतीत भूत आहे असं कानावर आलं, तर तीन प्रश्न विचारावेत: ही इमारत मुळात कोणासाठी बांधली? दार कधी आणि का बंद झालं? आणि त्या बाईचं नाव काय?

भाचीनं हे तिन्ही प्रश्न कॉलेजात विचारून बघितले. पहिल्याचं उत्तर ग्रंथालयातल्या जुन्या वार्षिकात मिळालं. दुसऱ्याचं चौकीदारानं दिलं: कठडा सुटल्यापासून. तिसऱ्याचं कोणालाच देता आलं नाही, सीनियरलाही नाही, तिच्या सीनियरलाही नाही.

"मग पुढच्या वर्षी नव्या मुली येतील, त्यांना सांगणार का गोष्ट?" मी विचारलं.

"सांगणार ना," ती म्हणाली. "कठडा अजून तसाच आहे."